अक्काची ती खुनाची कॅसेट

अक्का आज पहाटे गेली. झोपेत, स्वतःच्या घरात, एकटी.

हळहळू नका. एकटं राहण्यासाठीच ती सगळ्यांशी भांडली होती.

अक्का म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. सगळं घर तिला अक्काच म्हणायचं.

नव्वदच्या दशकात तिचे यजमान गेले. मूलबाळ नाही. बंगळूरला बसवनगुडीचं जुनं घर, संडास मागच्या अंगणात.

बाबांचा एकच धोशा, "बाईमाणूस एकटी कशी राहणार? आमच्याकडे चल."

तिला यायचं नव्हतं. पण दिवेलागणीला भीती वाटते, हे तिनं फक्त मला सांगितलं होतं.

त्यात व्हिडिओ लायब्ररीवाल्यानं देवाच्या सिनेमाच्या डबीत चुकून भलतीच कॅसेट दिली.
इंग्लिश स्लॅशर. मुखवटा, सुरा, मोठं घर, एकटी मुलगी.

पहिल्यांदा अक्का किंचाळली. दुसऱ्या दिवशी परत लावली. मग दर रविवारी दुपारी तेच.

"अगं, किती वेळा?"

"आधी नुसती भीती दिसते गं. पिक्चर नंतर दिसतो." लसूण सोलता सोलता ती सांगायची. "रक्त म्हणशील तर वाटीभरसुद्धा नाही. सगळं आपल्याच डोक्यात. हुशार आहे पिक्चरवाला मेला! आणि तो खुनी दरवेळी मागच्याच दारानं येतो. ही बया चिलकच लावत नाही!"

चिलक म्हणजे कडी. आमच्या मराठीत असं कन्नड भरपूर.

एका रविवारी बाबा रिकामी सूटकेस घेऊनच आले. आज हिला न्यायचंच.

"बस तम्मा, एवढं संपू दे," अक्का धाकट्या भावाला म्हणाली.

अर्ध्या पिक्चरमध्ये बाबांच्या तोंडावर उशी. अक्काची कॉमेंटरी चालूच. "आता लाइट जाईल. आता कपाट उघडेल. बघ, बघ."

संपेपर्यंत अंधारून आलं. बाबांना मागे संडासला जायचं होतं. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"अक्का, स्वल्प बाहेर उभी राहतेस?"

ती राहिली. हातात लसणाचं ताट.

सूटकेस रिकामीच परत गेली. विषय पुन्हा निघाला नाही. मला तिचा फार अभिमान वाटला होता. अजून वाटतो.

आज सगळं आटोपून आम्ही तिच्या घरी आलो. बाबा आता काठी घेऊन चालतात. मागच्या दारात जाऊन थबकले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. अक्का असायची ना बाहेर."

मी बाहेर जाऊन उभी राहिले.

अक्का, चिलक लावली आहे. तू निवांत जा.