धापूबाईची शाकाहारी मासोळी

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. वाशीमच्या आमच्या गल्लीत काचेच्या पेटीत मासोळ्या पाळणारं घर एकच, अन् तेही जैनाचं. आता बोला! मासोळी आमच्या घरी कढईत पडे, त्याइच्या घरी ओसरीत नांदे. धापूबाई माही भिंतीला भिंत शेजारीण. नवरा इंदरचंद शेठ, कापडाचं दुकान, मानूस एकदम नेमाचा. लेक सासरी गेली तवापासून धापूबाईचा जीव त्या मासोळ्यांतच. सकाळी उठून पह्यले त्याइच्याशी बोले, मंग नवऱ्याशी.

घोर लागला तो शेवाळाचा. काच हिरवीगार झाली. मी म्हतलं, घासून टाक, त्यात काय हाये? तर म्हणे शेवाळात अनंत जीव असतात, मी हात लावणार नाई. शेठनं सांगून टाकलं, पेटी साफ राह्यत नसन तर शाळेत देऊन टाकू. माह्याजवळ येऊन ढसाढसा रडली बिचारी.

मंग आमी दोघी एस.टी.नं अकोल्याले गेलो, पेटी घेतली होती त्याच दुकानात. दुकानदार म्हणे, काच साफ करणारी मासोळी आली हाये, पार दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांची जात. दोन तऱ्हा दाखवल्या. दोघींनाही मिशा, आपल्या नदीतल्या शिंगट्यासारख्या. एक ठिपक्यांची, गोल पोटाची, मधूनच डोळा मारल्यासारखं करे. धापूबाई तिच्यावर लट्टूच झाली. पण हिचं खाणं काय, इचारलं तर म्हणे बारीक अळ्या. झालं, धापूबाईनं तोंडच फिरवलं.

दुसरी बोटाएवढी, मातकट, तोंडानं काचेले चिकटलेली. दिसायले अगदीच भंगार. ती शेवाळ खाते अन् पालाभाजी. धापूबाईनं त्या दुकानदाराले इचारून इचारून भंडावून सोडलं. दुसऱ्याची अंडी खाते का? उपाशी राह्यली तर पिल्लं गिळन का? तो वैतागला, पण हिनं पुरी खात्री केली तवाच बरणी मांडीवर घेतली. परत येताना मेडशीले गाडी थांबली तर अर्ध्या गाडीनं बरणीत डोकावलं. एकानं इचारलं, हिचा रस्सा करता का तळता? धापूबाईनं बरणी पदराखाली झाकली.

काच खरंच चकचकीत झाली. खाताना मात्र ती कोणाले दिसे नाई, दिवसभर दगडामागं दडून. शेठही कौतुकानं पाहू लागले. पण शेवाळ सरलं अन् मासोळी वाळायले लागली. धापूबाई सकाळी पालकाचं पान टाके अन् दिवस बुडायच्या आत काढून घे, कारण त्या घरात अंधार पडल्यावर कोणीच खात नाई. पान जसंच्या तसं निघे. पोट खपाटीले गेलं तिचं.

एका संध्याकाळी धापूबाई कंदील घेऊन तिथून चालली होती. पाहते तर मासोळी बाहेर आलेली. दिवसभर जिथं पान होतं, तिथंच तोंड लावून फिरून राह्यली होती.

"सोजर, थे अंधारातच जेवते वं," दुसऱ्या दिवशी मले म्हणे. "मी रोज तिच्या तोंडचा घास काढून घेऊन राह्यली होती."

मी म्हतलं, मी येऊन पान टाकत जाईन. तर नाई. दुसऱ्याले टाकायले लावनं अन् आपण टाकनं, पाप सारखंच म्हणे. मंग तिनं काय करावं? दिवस बुडल्यावर आपल्या हातानं पान टाकलं, अन् त्याच्या बदल्यात आपलं संध्याकाळचं जेवण सोडून देल्लं. कायमचं. मी लय बोलली तिले, बोटाएवढ्या मासोळीसाठी जीव देतं का म्हणून. ऐकलं नाई. मासोळी भरली, अन् हिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. शेठ एकटेच जेवत.

एक दिवस मी तिथंच बसली होती. अंधार पडला तशी धापूबाई पान घ्यायले उठली. तर शेठनं ते तिच्या हातातून घेतलं अन् स्वतः पाण्यात सोडलं.

"आजपासून पान मी टाकत जाईन," म्हणे. "तू उद्यापासून दोन्ही टाइम जेव."

ती नुसती रडली.

दुसऱ्या दिवशी उजेड असतानाच दोघं जेवायले बसले. धापूबाई शेठच्या खिचडीवर तूप वाढायले गेली, तर त्याइनं ताटावर हात आडवा धरला.

"मी तूप सोडलं," म्हणे.