खडवलीच्या शाळेतला दादाचा स्पीकर

दादाचं तेरावं झालं आणि वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांचा खडवलीचा मोठा स्पीकर घरी आणू या. तेवढाच त्यांचा आवाज घरात राहील." म्हणून रविवारी सकाळी सातला आम्ही दोघं माजिवड्याहून गाडीने निघालो.

माझा दादा रॉक गायचा, तेही मराठीत. चाळीस वर्षं ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कार्यक्रम केले, एक कॅसेट निघाली. लोक सिनेमातली गाणी मागायचे, हा स्वतःचीच गायचा. शेवटची बारा वर्षं महिन्याचा पहिला रविवार आणि कार्यक्रमांचं मानधन त्याने खडवलीच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेला दिलं. आपला मोठा स्पीकरही त्याने तिथेच ठेवला होता.

लवकर निघालात तर नाशिक हायवेला भिवंडीपाशी अडकायला होत नाही. पडघ्याला मिसळ खाल्ली, ऐंशी रुपये. मालकाने विचारलं, "केसवाले काका नाही आले?" मी सांगितलं. तो म्हणाला, "दर वेळी जादा तर्री मागायचे आणि ठसका लागायचा."

"घरी डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं!" वहिनी म्हणाल्या आणि किती दिवसांनी हसल्या.

तिथून उजवीकडे खडवलीचा रस्ता. शेवटी खड्डे आहेत, गाडी सावकाश न्या.

शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलांना सांगितलंय. पण स्पीकर न्यायच्या आधी एक गाणं लावाल? आज पहिला रविवार आहे, त्यांचा."

मुलं लाकडी स्टेजवर स्पीकरला गाल, पाठ, तळवे टेकून बसली. मी मोबाइल जोडून दादाचं गाणं लावलं, आवाज बारीक ठेवून. दोन आठवडे घरात आम्ही हळूच बोलत होतो. मोठ्याने लावणं बरं दिसलं नसतं.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उठली, तिने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मुलं डोळे मिटून हसत होती.

"अहो, बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नाही," बाई माझ्या कानाशी ओरडून म्हणाल्या.

वहिनी चपला काढून स्टेजवर गेल्या. त्या मुलीशेजारी बसून त्यांनी स्पीकरवर तळवा ठेवला, तो गाणं संपेपर्यंत काढला नाही.

"राहू दे इथेच, भावजी. आपल्याकडे एवढ्या मोठ्याने कोण लावणार?"

दुपारी रिकाम्या डिकीने घरी आलो. दादाच्या प्रत्येक कार्यक्रमाला मी शेवटच्या रांगेत बसायचो, आणि घरी येताना त्याला एकच सांगायचो, जरा हळू गात जा. तो नुसता हसायचा. पुढच्या महिन्यापासून पहिल्या रविवारी मी येईन, असं बाईंना सांगून आलोय.