लॉनवर पडलेला करपा

सुकापूरला आमच्या रो-हाऊसपुढे दोन सतरंज्या अंथरता येतील एवढं लॉन आहे. ते नवऱ्याचं. निवृत्तीनंतर त्यानं त्यातच जीव ओतला. रोज संध्याकाळी पाइप घेऊन उभा राहायचा, पावसाळ्यातसुद्धा. वर मुठीमुठीनं युरिया. गवताला असा काळपट हिरवा रंग आला की येणारे-जाणारे फाटकापाशी थांबून बघायचे.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यात ताटाएवढा पिवळट गोल दिसला. मला वाटलं, कुत्रं मुतलं असेल. आठवड्यात तसे पाच झाले आणि एकमेकांत मिसळायला लागले. सकाळी पाती ओली असताना त्यांच्या कडेला जळमटासारखी पांढरट बुरशी असायची. ऊन चढलं की दिसेनाशी व्हायची. मी चार पाती चिमटीत धरून ओढली. ती बुडापासून सुळकन निघून आली. बूड तपकिरी, कुजकं, शेंबडासारखं बुळबुळीत. तीनदा साबण लावला तरी दुपारी भात कालवताना बोटांना तोच वास येतोय असं वाटत राहिलं. अर्धं जेवण मी टाकून दिलं.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की गवत उपाशी आहे. त्यानं पाणी वाढवलं, खत वाढवलं. त्यातच मुलीच्या होणाऱ्या सासूबाई रविवारी पहिल्यांदा घरी यायच्या होत्या. शुक्रवारी त्यानं नर्सरीतून तयार गवताचे तुकडे आणले आणि त्या घाणीवरच अंथरले. खालचं आधी काढायला हवं, हे मला कळत होतं. तरी मीच कडा पायानं दाबून दिल्या.

रविवारी पाऊस उघडला म्हणून त्यानं खुर्च्या बाहेर मांडल्या. विहीणबाई बसल्या आणि खुर्चीचा एक पाय आत रुतला. भोकातून तपकिरी पाणी वर आलं. वास सडलेल्या कडब्याचा. त्यांनी पाय उचलला, तर चपलेच्या तळाला कुजक्या गवताचा लगदा चिकटून आलेला. "असू दे, पावसाळाच आहे," म्हणत त्यांनी तो रुमालानं पुसला.  गवताची किळस होतीच, तो रुमाल बघून आता स्वतःचीही वाटायला लागली.

सोमवारी शेजारच्या काकांना बोलावलं. आमची कॉलनी उभी आहे ती त्यांचीच भाताची जमीन. त्यांनी वरचा तुकडा उचलला, खालचं गवत निरखलं आणि नवऱ्याला म्हणाले, "करपा हाय यो. आमच्या भातावर असाच पडायचा. खत जास्ती, पानी जास्ती, वारा नाय."

नवरा म्हणाला, मी तर याची लेकरासारखी काळजी घेतली.

"म्हनूनच कुजला," काका म्हणाले आणि घरून दाताळं घेऊन आले.

दोन दिवस आम्ही तिघं खरवडत होतो. कापलेलं गवत नवऱ्यानं कधी उचललंच नव्हतं. त्याचा बोटभर जाड, ओला थर खाली साचला होता आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मी आत जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि पुन्हा येऊन बसले. रोगट गवत पिशव्यांत बांधून घंटागाडीत दिलं. पहारीनं जमिनीला भोकं पाडून रेती भरली. शेतीच्या दुकानातून बुरशीनाशक आणून, कोरडा दिवस बघून, तोंडाला फडकं बांधून एकदा फवारलं. युरिया बंद. पाणी सकाळीच, तेही माती सुकली तर.

दिवाळीपर्यंत अर्धं गवत परत आलं, विरळ आणि फिकट. उरलेल्या अर्ध्यात काही उगवेना, म्हणून तिथं फरशी घातली. नवरा तिथं खुर्ची टाकून पेपर वाचतो. मी अजून त्या गवतावर अनवाणी पाय ठेवत नाही.