प्रत्याच्या गेममधली पडवी

प्रत्याला मण्यार चावली होती आणि मी फोनवर सांगितलं, पडू दे त्याला.

आज वर्ष झालं.

वर्षभर लोक मला बाजूला घेऊन विचारतात, नक्की काय घेतलं होतं रे त्याने?

काय नाय घेतलं. साप चावला. गावी शेणव्याला, स्वतःच्या घरात, खाली अंथरुणावर झोपला होता.

पण त्याच्या डिप्रेशनची गोष्ट सगळ्यांना माहीत होती ना. मग सापाला कोण विचारतो. आज सकाळपासून मेणबत्तीचे फोटो टाकून बसलेत, 'नैराश्याचा आणखी एक बळी'. डिलीट करा ते.

कल्याणच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. माणूस बरा होत होता. दोन दिवसांनी मीपण भात कापायला येतो, बोलला होता घरी.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्या म्हणजे प्रतीक, माझा शाळेपासूनचा दोस्त. एका कंपनीत मोबाइल गेमची चित्रं काढायचा. नोकरी सोडून घरी आला आणि स्वतःचा गेम बनवायला बसला. डिप्रेशनवर.

गेमचं नाव 'पडवी'.

एक माणूस आतल्या खोलीत अंथरुणावर पडलाय. त्याला उठून बाहेर पडवीत यायचंय. दहा पावलं. बास.

बंदूक नाय, गाडी नाय, पॉइंट नाय.

आवाज आमचेच घेतले. मोबाइल समोर धरून बोलला, मला रोज जे बोलता तेच बोला. त्याचे भावोजी बोलले, लोकांची पोरं बघ कुठे पोचली. मी बोललो, चल ना यार, सिद्धगडला जाऊ, फ्रेश होशील.

हसत हसत दिला होता मी आवाज.

मग एकदा आसनगावला माझ्या रूमवर त्याने खेळायला दिला. माणूस उठला, दोन पावलं चालला, माझा आवाज आला आणि पडवी चार पावलं मागे गेली. भावोजींचा आवाज आला, अजून मागे.

"बग आहे रे," मी बोललो. "घर लांबतंय."

"बग नाय. तसंच होतं."

एवढंच बोलला. माझ्याकडे बघितलं पण नाय.

पंधरा मिनिटांत मी कंटाळलो. जिंकायचं कसं ते तरी सांग, विचारलं. तो बोलला, शेवटपर्यंत खेळ. मी बोललो, रविवारी खेळतो.

असे किती रविवार आले नि गेले.

पण जेवढं कळलं तेवढ्यावर मी शहाणा झालो. त्याला ऊठ बोलायचं बंद केलं. काकीला, म्हणजे त्याच्या आईला, समजावलं की सारखं ऊठ ऊठ करू नका, त्याच्याजवळ घुटमळू नका, त्याला स्पेस द्या. मेंटल हेल्थवर एक लांबलचक पोस्ट पण टाकली होती. तुमीच लाइक केली होती. लाज वाटते आता.

भातकापणी चालू होती. सकाळी सातला काकीचा फोन आला.

"सुनील, परत्या उठत नाय रे. पहाटंला पोटात दुखतंय बोलला. आता डोळं पन उघडीत नाय."

मी कामावर निघायच्या घाईत होतो.

"पडू दे काकी. नेहमीचंच आहे. दार लोटा आणि जा तुमी कापणीला."

गेली ती. मला डिप्रेशनमधलं कळतं ना, म्हणून माझं ऐकलं.

दुपारी भाकर द्यायला आली तेव्हा त्याचा श्वास नीट चालत नव्हता. जीप काढून हॉस्पिटलला नेला. मी पोचलो तेव्हा संपलं होतं.

डॉक्टर सांगत होते, मण्यार चावलेली कळतसुद्धा नाय. पोटात दुखतं, पापण्या पडतात, मग आवाज जातो, मग श्वास. सकाळी आणला असता तर वाचला असता. मग त्यांनी विचारलं, "सकाळपासून याच्याजवळ कोण होतं?"



गेल्या रविवारी शेणव्याला गेलो. त्याचा लॅपटॉप चालू केला आणि काकीला शेजारी बसवून गेम शेवटपर्यंत खेळलो.

आमचे आवाज एकेक करून बंद होतात. मला वाटलं, आता उठेल. नाय उठत. नुसता एकटा सोडला तर घर तेवढंच लांब राहतं आणि खोलीत अंधार वाढत जातो.

मग त्याची आई येते. हातात पातेलं, त्यात मोड आलेले वाल. अंथरुणाजवळ बसते आणि बिरडं सोलत राहते. बोलत काय नाय. मधेच त्याच्या तोंडाकडे बघते, परत सोलते.

ती बसली की घर आखडायला लागतं. पडवी दोन पावलांवर येते. तो उठतो, पातेलं उचलतो आणि दोघं पडवीत बसून सोलतात. संपला गेम.

सोलायचा आवाज खरा आहे. काकीला न सांगता रेकॉर्ड केला होता त्याने. ती ऐकत राहिली, मग बोलली, ह्या तर माझ्याच बांगड्या वाजतात.

आणि थोड्या वेळाने,

"त्या दिशी मी अशी बसली असती, तर दिसलं असतं ना रे मला?"

दिसलं असतं. पडलेल्या पापण्या दिसल्या असत्या, श्वास दिसला असता. ती बाई रोज तेच करत होती, तिच्या पोराला तेच लागत होतं, आणि मी अर्धा गेम खेळून तिला तिथून उठवलं.

"काकी, दार लोटायला मी सांगितलं होतं," मी बोललो.

"म्हाईत हाय," ती बोलली, आणि चहा ठेवायला उठली.

खाली कोणी आरआयपी लिहू नका. लिहायचंच असेल तर साप चावला लिहा, आणि जवळ कोणी नव्हतं ते पण लिहा.

प्रत्या, भावपूर्ण वगैरे लिहायला माझा हात धजत नाय.

शेवटपर्यंत खेळलो रे. उशीर झाला.

येतो.