हात पाहून भरलेल्या बांगड्या

शुक्रवारी बायकोच्या डाव्या हाताचं प्लास्टर निघालं. सहा आठवड्यांपूर्वी ती बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडलं. तेव्हा हात एवढा सुजला होता की काचेच्या बांगड्या निघेनात. "फोडाव्या लागतील," असं सिस्टर म्हणाल्या, तर तशा कळांमध्येही ही म्हणते, "फोडायच्या म्हणू नका हो, वाढवायच्या म्हणा." मग उजव्या हातातल्याही मला उतरवायला लावल्या. एकाच हातात बऱ्या दिसत नाहीत म्हणून.

प्लास्टर निघालं, पण हाताची भीती गेली नाही. डॉक्टरांनी बोटांचे, मनगटाचे व्यायाम सांगितले होते. ही हात पदराखालून बाहेर काढेना. मी धरू गेलो की अंग चोरायची. शनिवारी सकाळी मात्र तिने मला दोन कामं सांगितली. गिरणीतून थालिपिठाची भाजणी दळून आणायची आणि कल्याणला तिच्या नेहमीच्या कासारणीकडून बांगड्या आणायच्या.

मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. तोवर सकाळी डोंबिवलीहून निघायचं, दिवसभर वागळे इस्टेटमधल्या नोकरीत काढायचा आणि अंधार पडल्यावर परतायचं, असंच आयुष्य गेलं. घरात पीठ कुठून येतं, हे मला ऐकूनच माहीत होतं. डब्यांतून तांदूळ, डाळी, ज्वारी, बाजरी, धणे, जिरे काढून मी पिशवीत भरले आणि गिरणीत गेलो. गिरणीवाल्याने मूठभर धान्य हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं.

"काका, हे भाजलंय कुठे?"

"दळायचंय ना?"

"अहो, भाजून दळतात म्हणून तर भाजणी म्हणायचं! काकूंनी पाठवलं का तुम्हाला? हात कसाय त्यांचा?"

मागे उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. मीही हसलो. गिरणीवाल्याने सगळं धान्य एकत्र झालेलं पाहून कपाळाला हात लावला, मग स्वतःच चाळणी घेऊन तांदूळ-डाळींतून धणे-जिरे जमेल तेवढे वेगळे काढून दिले. "हे नंतर भाजा, नाहीतर करपतील," म्हणाला. घरी बायको ओट्याशेजारी खुर्ची घेऊन बसली आणि मी दोन तास कढईत उलथनं फिरवलं. "मंद ठेवा... अहो, मंद!" प्लास्टर चढल्यापासून ती इतकं बोलली नव्हती. संध्याकाळी गिरणीवाल्याने चिमूट हुंगून मान डोलावली, तेव्हा मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

रविवारी कल्याणला गेलो. कासारणीचं दुकान एवढंसं, भिंतीभर बांगड्या. सत्तरीच्या बाई गादीवर बसल्या होत्या. मी बायकोचं नाव सांगितलं आणि हिरव्या बांगड्या मागितल्या.

"माप?"

मी मापाला जुनी बांगडीही आणली नव्हती. म्हटलं, "तुमच्याकडेच भरते ती, तुम्हाला माहीत असेल."

"मला माहीत आहे. पण त्या आल्या का नाहीत?"

मी हाताचं सांगितलं. त्यांनी काढलेला डबा परत बंद केला. "मग मी बांगड्या देणार नाही."

"अहो मावशी, तिनेच सांगितलंय."

"मोडून जुळलेला हात आहे, दादा. जुनं माप आता चालेल की नाही, कोणाला ठाऊक! ओढून घालायला गेल्या आणि दुखावला तर? हात पाहिल्याशिवाय मी काच देत नाही." मग डबा जागेवर ठेवत म्हणाल्या, "माझी लेक डोंबिवलीतच असते. आज जायचंच आहे तिच्याकडे. पत्ता सांगा."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. पण चार वाजता बेल वाजली. दारात त्या होत्या, खांद्याला पिशवी, जिने चढून दमलेल्या.

बायकोला पाहून त्यांनी आधी बांगड्यांची गोष्टच काढली नाही. पाणी प्यायल्या, शेजारी बसल्या, तिचा डावा हात पदराखालून काढून स्वतःच्या मांडीवर घेतला. हिने हात मागे घेतला नाही. त्यांनी खोबरेल तेल मागितलं आणि बोटं एकेक करून चोळायला लागल्या. "माझाही असाच मोडलेला," म्हणाल्या. "तीन महिने दुकानात नुसती बसून. गिऱ्हाईक यायचं आणि मी सुनेला सांगायची, तू भर. लई रडले बघा. मग एक दिवस एका पोरीचा हात हातात घेतला आणि जमलं."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा आठवड्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मावशींनी अंगठा हळूच तळव्यात दाबला, हात चोळामोळा केल्यासारखा केला, आणि मला कळायच्या आत एक बांगडी मनगटात गेली. नेहमीपेक्षा एक माप मोठी. मग आणखी तीन. उजव्या हातात जुन्याच मापाच्या.

"दुखलं?"

"नाही," बायको म्हणाली आणि हात स्वतःहून वर उचलून बांगड्या वाजवून पाहिल्या.

मी मावशींना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेलो. कसेबसे आभार मानले, तर म्हणाल्या, "आभार राहू देत. त्यांचा हात गार पडतो. झोपताना शेकत जा."

त्या दिवसापासून रोज शेकतो. ती आपण होऊन हात पुढे करते.