उडवीभोवतीच्या निळ्या खुणा

विनूची बातमी आली तेव्हा मी कशेळ्याच्या बाजारात सुकी मासळी घेत होते. त्याच्या मुलीचा, मेघाचा फोन. "आत्या, बाबा..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मासळीवालीने मला खाली बसवलं, पाणी पाजलं. माझा धाकटा भाऊ खालापुरात, कामाला निघताना, बूट घालता घालता गेला... मला अजून पटलेलं नाही, आणि पटवून घ्यायची घाईही नाही.

तेराव्याला वेगळीच पंचाईत. हार घालायला फोटोच नाही! जन्मभर कॅमेऱ्यामागे राहिलेला माणूस. लग्नाच्या फोटोंत मुंडावळ्यांआड अर्धा चेहरा गेलेला. शेवटी आधारकार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तो पकडून आणलेल्या चोरासारखा दिसत होता. "हा काय आपला विनू नाय," मी मेघाला म्हटलं. रागापेक्षा भीतीच जास्त वाटत होती. उद्या मीच त्याला विसरले तर?

विनूचं काम खडीच्या ढिगांचं माप काढायचं. ढिगाभोवती चालत व्हिडिओ घ्यायचा. मग त्यातल्या चित्रांवरून कॉम्प्युटर तो ढीग पडद्यावर जसाच्या तसा उभा करायचा, हवा तसा फिरवून बघा. रविवारी कडावला माझ्याकडे आला की इथंही हेच वेड. निवृत्त झाल्यापासून मी आमच्या या जुन्या घरीच राहते. मागच्या दारी भाताच्या पेंढ्याची उडवी रचलेली असते, उन्हाळा सरेपर्यंत गुरं ती खाऊन संपवतात. विनूला ती दरवर्षी कॉम्प्युटरात जपून ठेवायची असायची. पहिल्या खेपेला जागेवरून न हलता नुसताच कॅमेरा फिरवला, आणि पडद्यावर उडवीचा पार चिखल झाला. "जागच्या जागी मान फिरवून खोली कळत नाय गं ताई. पाय हलवायला लागतात," म्हणाला आणि फेऱ्या घालायला लागला. मी ओट्यावरून ओरडले, "अरे, प्रदक्षिणा कसली घालतोस? आत देव नाय, पेंढा हाय!" तो हसला की कॅमेरा हलायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. उडवीला माझी शाळेतली लाकडी मीटरपट्टी टेकवून ठेवायचा, कारण चित्रांवरून आकार समजतो, पण वस्तू लहान की मोठी ते समजत नाही. मास्तरीणबाईंची पट्टी अशी कामाला आली!

यंदा दिवाळीनंतर तो आला. फेरी पुरी होत आली होती आणि मी चहाला हाक मारली. एरवी कॅमेरा बंद करून आला असता. पण त्या दिवशी उडवीवरची नजर न काढता, उलट्या पावलांनी, पाठमोरा माझ्याकडे येत राहिला. मध्येच चित्रांची साखळी तोडायची नव्हती म्हणे त्याला. "मेल्या, पडशील की रं!" मी म्हणाले. आता तो शब्द तोंडातून निघत नाही.

परवा मेघा त्याचा लॅपटॉप घेऊन आली. यंदाची उडवी पडद्यावर उभी राहिली, पट्टीसकट. आणि तिच्याभोवती बारीक निळ्या खुणांची माळ. मी विचारलं, "ही मुंग्यांची रांग कसली गं?"

"आत्या, ते बाबा." तिने एका खुणेवर बोट ठेवलं. "कॅमेरा कुठून कुठं गेला, तेही कॉम्प्युटर चित्रांवरूनच शोधून काढतो. एकेक खूण म्हणजे तिथं बाबा उभे होते."

मी चष्मा पुसला. खुणा सरळ रेषेत नव्हत्या, जरा वर, जरा खाली... उजवा गुडघा दुखायचा त्याचा. हा माझा विनू! चेहरा नाही, पण चाल त्याचीच. मी बोट लावून त्याच्याबरोबर उडवीभोवती चालले. फेरी संपत आली तिथं माळ बाजूला वळली आणि सरळ मागच्या दाराकडे निघाली. शेवटची खूण पायरीपाशी. तिथंच मी कप घेऊन उभी होते. पडद्यावर ना मी आहे ना तो, फक्त एवढंच दिसतं की तो माझ्याकडे येत होता. मग मी रडले, पोटभर.

उडवी आता कंबरेएवढी उरली आहे. गुरांना का अडवायचं? संध्याकाळचा चहा मात्र मी मागच्या पायरीवरच घेते. बसताना जरा कडेला सरकून बसते.