फिके अण्णा

माझ्या सासऱ्यांचा आत्मा त्यांच्या हयातीतच दिसला, आणि तोही माझ्या कॅमेऱ्यातून.

मला जुने कॅमेरे जमवायचा नाद आहे. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमधलं एक अख्खं कपाट त्यांनी बळकावलंय. (बायकोच्या पैठण्या दिवाणात राहतात.) यंदा ऐन पितृपंधरवड्यात वणीच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणखी एक उचलला. स्टुडिओचा मालक नुकताच वारला होता.

"पितृपक्षात नवीन वस्तू?" मंगल, म्हणजे माझी बायको, किंचाळली.

"नवीन कुठे? चांगला साठ वर्षांचा आहे!"

"घोटीहून माझे आई-अण्णा आलेत. आई जरा जरी घाबरली, तर अख्खं कपाट भंगारात!"

दुसऱ्याच दिवशी माझ्या वडिलांचं श्राद्ध होतं. भरदुपारी आभाळ अंधारून आलेलं, लाईट गेलेली. गच्चीवर पान ठेवलेलं, पण कावळा काही शिवेना. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एवढ्यात बंद कपाटातून आवाज आला. चर्रर्रर्र... खट्!

"वणीच्या कॅमेऱ्याची आपोआप फोटो काढायची कळ आहे," मी म्हणालो. "अडकलेली सुटली असेल."

"त्या अंधारात कुनाचा फोटू काढला त्यानं?" सासूबाईंनी विचारलं.

भीती घालवावी म्हणून मी तो कॅमेरा काढून थेट त्यांच्याच हातात दिला (ही माझी अक्कल!). त्यांनी त्यातून खुर्चीतल्या अण्णांकडे पाहिलं आणि त्या गारठल्या.

"दोन हायेत. एक खुर्चीत. दुसरे शेजारी... फिके. आरपार दिसतंय."

"आई, या कॅमेऱ्यात फोकस नसला की दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचं हे कडं फिरवून त्या एकात एक मिसळायच्या." मी कडं फिरवलं. जुन्या ग्रीसने गच्च धरलेलं, तसूभर हलेना!

"मिसळत नाय ना?" सासूबाई कुजबुजल्या. "जीव सुटत आलाय ह्यांचा."

मग मी आरशाची पेटी काढली. ही कॅमेऱ्यावर बसवली की वरच्या काचेत चित्र एकच दिसतं. खरंच एकच अण्णा दिसले! सासूबाईंचा चेहरा उजळला. तेवढ्यात अण्णा पाणी प्यायला उठले आणि उजवीकडे स्वयंपाकघरात निघाले. काचेत मात्र ते डावीकडे, म्हणजे भिंतीच्या दिशेने चालले होते.

"अगं बाई, उलटे चालत्यात!"

(उलट्या पावलांचं कोण असतं, हे सांगायला नकोच.) आरशात डावं-उजवं बदलतं, हे मी सांगत होतो, पण ऐकतंय कोण! मंगल भंगारवाल्याचा नंबर शोधू लागली.

"द्या इकडं," अण्णा म्हणाले. मी पेटी काढून कॅमेरा दिला. त्यांनी त्यातून एकेकाला निरखलं आणि शेवटी कॅमेरा माझ्यावर रोखला.

"जावईबापू, समदे दोन दोन दिसत्यात. तुमी एकलेच. तुमचा दुसरा गेला कुटं?"

कारण मला पक्कं ठाऊक होतं. कडं ज्या अंतरावर अडकलं होतं, नेमका तिथेच मी उभा होतो. हे शास्त्र मी मनात दोनदा घोकलं, पण अंगावर काटा यायचा तो आलाच. पाय आपोआप मागे सरकले.

"अण्णा, आता बघा बरं?"

"हां. आता हाय दुसरा."

कपाटाची किल्ली मी मुकाट्याने मंगलच्या हातावर ठेवली. सासूबाई अण्णांची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन उभ्याच होत्या. मी अण्णांच्या आधी पाटावर जाऊन बसलो.

"आई, काढताच आहात, तर माझी आधी काढा. आणि माझी नि माझ्या दुसऱ्याची, दोघांचीही काढा!"